घर उघडं ठेवायचं तर

आज सुरुवात आकड्यांनी करू या. आकडे समोर असले की भावना जरा जागेवर राहतात, आणि आजच्या विषयात भावना फार लवकर वर येते. आम्हीही त्याला अपवाद नाही, हे आधीच कबूल करतो.

2001 साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777 होती. 2011 साली ती 16,15,069 झाली. सिंधुदुर्गात 8,68,825 होती, ती 8,49,651 झाली. म्हणजे दहा वर्षांत या दोन जिल्ह्यांतून मिळून लाखभर माणसं कमी झाली. याच दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या जवळजवळ 16 टक्क्यांनी वाढली होती. राज्यात लोकसंख्या घटलेला आणखी एकच जिल्हा होता. कोणता, ते विचारलं तर बहुतेकजण गडचिरोली किंवा नंदुरबार म्हणतात. नाही. तो जिल्हा म्हणजे मुंबई शहर. गिरगाव, लालबाग, परळ, वरळी, दादर, म्हणजे आपलं गिरणगाव ज्यात येतं तो जिल्हा. तो 33 लाखांवरून 31 लाखांच्या खाली आला.

शंभर-सव्वाशे वर्षं ज्या गावांनी माणसं पाठवली आणि ज्या वस्तीने ती घेतली, ती दोन्ही टोकं एकाच दशकात आटायला लागली. हा योगायोग नाही, असं आमचं म्हणणं आहे. आणि ते पटलं तर 'कोकणातल्या माणसाला कोकणात कसं टिकवायचं' हा प्रश्न नेहमीपेक्षा वेगळ्या तऱ्हेने मांडावा लागतो.

नेहमीची मांडणी आपल्याला पाठ आहे. गाव आधी भरलेलं होतं, मग मुंबईने माणसं ओढली, गाव ओस पडलं. ऐकायला सरळ वाटतं, पण इतिहासात ते तसं घडलेलं नाही. 1881च्या जनगणनेत मुंबईची वस्ती पावणेआठ लाखांच्या आसपास होती आणि त्यातली सुमारे सव्वा लाख माणसं रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली होती. तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे आजच्या सिंधुदुर्गाचा मोठा भाग धरून, फक्त सावंतवाडी संस्थान बाहेर. म्हणजे मुंबईतला दर सहावा माणूस रत्नागिरीचा! हे 1881 साली. पुढच्या शंभर वर्षांत ही माणसं जातच राहिली, आणि तरी गावं ओस पडली नाहीत. शेतं पिकत होती, शाळा भरत होत्या, शिमग्याला पालखी नाचवायला खांदे कमी पडत नव्हते.

मग गाव टिकलं कशावर? आमचं उत्तर असं, की गाव टिकलं ते कोणीतरी गेलं म्हणूनच. जाणं ही राहण्याची पद्धत होती.

हे जरा उलगडून सांगतो. 1880 हे वर्ष लक्षात ठेवा. त्या वर्षी तीन गोष्टी झाल्या. मुंबई सरकारने खोती सेटलमेंटचा कायदा केला. हिंदुस्थानच्या पोस्टखात्याने मनीऑर्डर सुरू केली. आणि सरकारी गॅझेटियरचा रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड छापून आला. तिसरी गोष्ट आमच्यासारख्या पुस्तकी माणसाच्या सोयीची, पण पहिल्या दोन एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

खोत म्हणजे सरकार आणि कूळ यांच्यामधला सारा वसूल करणारा. कुठे ब्राह्मण, कुठे मराठा, कुठे मुसलमान. कुळाने पिकवलेल्या भाताचा मोठा हिस्सा, कित्येक ठिकाणी निम्मा, खोताच्या कोठारात जायचा. 'अर्धेल' हा शब्दच त्यातून आला. वर वेठ होतीच. कोकणातली भातजमीन थोडी, बाकी सगळी वरकस आणि कातळ. पाऊस तीन-साडेतीन हजार मिलिमीटर, पण तो चार महिन्यांत पडून समुद्रात जातो. निम्मं भात दिल्यावर उरलेल्या निम्म्यात, जोडीला वरी-नाचणी धरूनही, घर वर्षभर चालत नसे. मग घरातला एक गडी आगबोटीत बसायचा. गिरणीत, गोदीत, कुणाच्या घरी घरगडी म्हणून लागायचा आणि महिन्याला पैसे पाठवायचा. त्या पैशातून वाण्याची उधारी भागायची, बैल यायचा, आणि खोताचं देणंही फिटायचं. गिरणीच्या पगारावर खोती जगली, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

म्हणून खोतीविरुद्धचा लढाही मुंबईशी जोडलेला दिसतो. अलिबाग तालुक्यातल्या चरीचा शेतकरी संप 1933 साली, नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने सुरू झाला आणि काही वर्षं चालला. 1937 साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, आणि जानेवारी 1938मध्ये कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. कायदा व्हायला 1949 उजाडलं.

मुंबईतही हा माणूस गावातच राहत होता, हे विसरू नका. एकेका गावाची किंवा वाडीची मिळून एक खोली असायची. वीस-पंचवीस गडी, प्रत्येकाची एक पत्र्याची पेटी, पाळीनुसार झोपायचं. रात्रपाळीवाला आला की दिवसपाळीवाल्याची जागा त्याला. गोव्याच्या ख्रिस्ती मंडळींचे धोबीतलावाजवळचे कूड याच जातीचे. जेवण खानावळवालीकडे. कोणी आजारी पडला, कोणी वारला, तर वर्गणी गाववाल्यांची. इतिहासकार राजनारायण चंदावरकरांनी गिरणी कामगारांवर जे काम केलं त्यात हा मुद्दा फार चांगला आला आहे. गावाशी नातं असणं हे कामगाराच्या मागासपणाचं लक्षण नव्हतं, तो त्याचा आधार होता. 1928चा संप सहा महिने चालला. तो चालू शकला याचं एक कारण म्हणजे कित्येक कामगार गावी जाऊन भात खाऊ शकत होते. म्हणजे जसं मुंबईमुळे गाव तगलं तसं गावामुळे मुंबईतला माणूसही तगला.

आता या व्यवस्थेची किंमत कोणी दिली तेही पाहू. 2001 साली रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1,136 बायका होत्या. 2011 साली 1,122. वर्तमानपत्रांत हा आकडा कौतुकाने छापला जातो, कोकणात मुलींना मान आहे म्हणून. थोडाफार असेलही. पण त्या आकड्याचा मुख्य अर्थ असा, की पुरुष तिथे नाहीत. राब भाजण्यापासून लावणी, बेणणी, कापणी, झोडणीपर्यंत सगळं बाईने करायचं, सासू-सासरे बघायचे, गुरं बघायची. नवरा मे महिन्यात येणार, नाहीतर गणपतीत. कोकणात 'टिकून राहणं' हे काम शंभर वर्षं बायकांनी केलं आणि त्याबद्दल त्यांना कोणी विचारलं नाही. त्यामुळे आज कोणी म्हणालं, की पूर्वीचं भरलेलं गाव परत आणू या, तर आम्ही आधी विचारतो, कोणाच्या जिवावर?

असाच दुसरा एक प्रश्न आहे. महाड, दापोली, मंडणगड या पट्ट्यातल्या महार कुटुंबांनी एकोणिसाव्या शतकात गाव सोडून पलटणीची वाट धरली. ती केवळ पोटासाठी नव्हती. गोपाळ बाबा वलंगकर महाडजवळच्या रावढळचे, पलटणीतून निवृत्त झालेले. पुढे सरकारने महारांची भरती बंद केली तेव्हा त्याविरुद्ध अर्ज तयार करणारे तेच. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे मंडणगड तालुक्यातलं. 4 नोव्हेंबर 1948ला संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी खेड्याचं गोडवं गाणाऱ्यांची जी हजेरी घेतली, ती तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. ज्याला पाणवठ्यावर पाणी भरू दिलं जात नाही त्याला 'आपल्या मातीत राहा' म्हणणं हा उपदेश नाही, शिक्षा आहे.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही हक्कांची जोडी शिकवत असू. बोलण्याच्या हक्कात गप्प राहण्याचा हक्क येतो. तसंच जाण्याचा हक्क आणि राहण्याचा हक्क. संविधानाच्या 19व्या कलमात देशात कुठेही फिरण्याचं आणि कुठेही स्थायिक होण्याचं स्वातंत्र्य आहे. 'कुठेही'मध्ये आपलं स्वतःचं गाव आलंच. पण जिथून जाण्यावाचून गत्यंतर नाही तिथे राहण्याचं स्वातंत्र्य कागदावरच राहतं. आणि जिथून जाताच येत नाही, तिथे राहणंही स्वातंत्र्य नव्हे. म्हणून आमचा प्रश्न 'माणसांना गावात कसं ठेवायचं' असा नाही. माणसं ठेवायची वस्तू नाहीत. ज्याला राहायचं आहे त्याला राहता येतंय का, एवढाच प्रश्न.

आता व्यवस्था मोडली कशी, ते. 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. ही मंडळी पुन्हा गावी गेली, 1928सारखी. पण या वेळी परत येण्यासारखं फार थोडं शिल्लक राहिलं. गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. आणि त्याच सुमाराला दुसरी गोष्ट होत होती, जिचा फारसा गाजावाजा झाला नाही. पूर्वी गडी एकटा जायचा. आता जोडीने जाऊ लागला. गावकीच्या खोलीऐवजी विरार, नालासोपारा, डोंबिवली, दिवा इथे एका खोलीचं का होईना पण स्वतःचं घर. बायको आली, मुलांची शाळा तिकडे आली. त्यात गैर काय? काहीच नाही. त्या बाईला विचाराल तर ती सुटली. पण एक माणूस गेला तर घर उघडं राहतं, कुटुंब गेलं की कुलूप लागतं. आधी मनीऑर्डर थांबली, मग म्हाताऱ्या आईला मुंबईला नेलं. मुलंही कमी होऊ लागली होती. हे सगळं साचत साचत 2001 ते 2011च्या आकड्यांत दिसलं. त्यानंतरची जनगणना तर लांबतच गेली.

सरकारने काही केलंच नाही, असंही नाही. 18 मे 1972ला दापोलीला कृषी विद्यापीठ झालं. 1981 साली सिंधुदुर्ग वेगळा जिल्हा झाला, 1997 साली तो पर्यटन जिल्हा जाहीर झाला. 1990च्या सुमाराला रोजगार हमी योजनेतून फळबागा लावायला शंभर टक्के अनुदान सुरू झालं, ही खरोखर मोठी गोष्ट होती. वरकस जमिनीवर हापूस आणि काजू उभे राहिले. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राच्या काजूच्या जाती घरोघर गेल्या. 26 जानेवारी 1998ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. नाथ पै, मधु दंडवते, जॉर्ज फर्नांडिस, श्रीधरन, ही नावं तुम्हाला सांगायला नकोत. महामार्गाबद्दल आम्ही काही बोलत नाही, तुमच्यापैकी अर्धे लोक गणपतीत तिथे अडकलेले असतील.

पण यातून माणूस राहिला का? बागेचं उदाहरण घेऊ. भातशेतीला बारा महिने घर लागतं. आंब्याच्या बागेला लागत नाही. मोहोराच्या आधीपासून फळ उतरेपर्यंत काही महिने फवारणी आणि राखण, एवढं केलं की झालं. मालक ठाण्यात राहून फोनवर बाग चालवू शकतो. आणि राखणीला माणूस मिळत नाही म्हणून नेपाळहून माणसं येतात. रत्नागिरीच्या बागांत गेलात तर झाडाखालच्या खोपीत नेपाळी कुटुंब दिसेल, मुलाबाळांसकट. आपला माणूस मुंबईला आणि नेपाळचा माणूस आपल्या बागेत! त्यांच्याही गावात कुठे तरी कुलूप लागलं असेलच. बागेने जमीन वाचवली, हे मान्य. पण जमीन राखणं आणि माणूस राखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण अनुदान पहिल्यासाठी दिलं आणि अपेक्षा दुसऱ्याची केली.

मग जो उरला आहे त्याचं रोज काय होतं? शेजारच्या चार खाचरांत कोणी काही लावत नाही. तिथे रान माजतं, रानात डुक्कर येतं, ते याच्या भातात शिरतं. वानर तर परसातली फणस-केळीही ठेवत नाही. दहा जण शेती करत होते तेव्हा दहा जण हाकलायला होते. आता एकट्याने रात्रभर डबा बडवायचा? पुढच्या वर्षी तोही सोडतो. शाळेचं तेच. पट दहाच्या खाली गेला की शाळा जवळच्या शाळेत सामावायची, असं धोरण राज्याने 2017 साली घेतलं. हिशेबाने बरोबर असेल. पण डोंगरातली वाडी आणि 'जवळची' शाळा यांच्यामध्ये पावसाळ्यात पऱ्ह्या असतो. शाळा गेली की ज्या घरात मूल आहे ते शेवटचं घरही जातं. ओस पडणं असं एकातून एक होत जातं. कोणी एकाने गाव ओस पाडलेलं नसतं, प्रत्येकाने आपल्यापुरता शहाणपणाचाच निर्णय घेतलेला असतो.

इथे थोडं दूर जाऊ, स्कॉटलंडच्या डोंगराळ उत्तर-पश्चिम भागात. तिथे जमीनदारांनी मेंढ्यांसाठी कुळांना हुसकून लावलं होतं. 1882 साली स्काय बेटावर कुळांनी दंगा केला, सरकारने आयोग नेमला आणि 1886 साली कायदा झाला. छोट्या कुळाला जमिनीवरून काढता येणार नाही, खंड वाजवी असेल, जमीन मुलाला मिळेल. आपल्या कूळ कायद्याचा हा जणू थोरला भाऊ. आणि तरीही पुढची कित्येक दशकं तिथली वस्ती घटतच राहिली. 29 ऑगस्ट 1930ला सेंट किल्डा बेटावरचे शेवटचे 36 लोक स्वतः अर्ज करून बेट सोडून गेले. कसायचा हक्क होता, पण नोकरी, दवाखाना, बोट यांचा पत्ता नव्हता. 1965 साली त्या भागासाठी वेगळं विकास मंडळ झालं. 1997 साली एग नावाच्या लहानशा बेटाच्या रहिवाशांनी वर्गणी काढून, विश्वस्त संस्था करून, अख्खं बेट विकत घेतलं. साठ-पासष्ट माणसं उरली होती. आज शंभरावर आहेत. पुढे त्यांनी स्वतःची वीज उभी केली, पाणी, वारा आणि सूर्य यांच्यावरची. आकडा लहान आहे, आम्हाला माहीत आहे. त्यावरून कोकणाला नियम लावता येत नाही.

पण तिथल्या कायद्यातली एक अट आम्हाला फार विचार करायला लावते. ज्याच्या नावावर अशी छोटी शेतजमीन आहे, त्याने तिच्यापासून 32 किलोमीटरच्या आत राहिलं पाहिजे आणि ती कसली पाहिजे. नाहीतर ती दुसऱ्या कसणाऱ्याकडे जाऊ शकते. हक्काबरोबर राहण्याचं कर्तव्य बांधलेलं आहे.

आपल्याकडे काय झालं? 1 एप्रिल 1957 हा कृषिदिन. कसणारं कूळ मालक झालं. न्याय झाला, त्यात शंका नाही. पण त्याच कायद्याची धास्ती आज वेगळ्याच कोपऱ्यात काम करते. कुळाचा मालक झालेला माणूस, त्याचा मुलगा, नातू, आता मुंबईत आहेत. जमीन पडीक आहे. गावात एखादा तरुण म्हणतो, मी करतो, भात लावतो, भाजी लावतो, कलिंगड लावतो. मालक देत नाही. का? उद्या हाच कूळ म्हणून उभा राहील. निती आयोगाने 2016 साली जमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा तयार केला तो याच भीतीवर उपाय म्हणून. भीती मात्र घरोघर तशीच आहे. आणि द्यायची ठरवली तरी सही कोणाची? सातबाऱ्यावर आजोबांच्या वेळची चार नावं, त्यांची मुलं, मुली, नातवंडं. कोणी बोरिवलीत, कोणी बडोद्यात, कोणी टोरांटोत. सामाईक क्षेत्र, वाटप झालेलं नाही. विकता येत नाही, भाड्याने देता येत नाही, कर्जही मिळत नाही. ज्याला राहायचं आहे त्याला जमीन नाही, आणि ज्यांची जमीन आहे ते तिथे नाहीत.

म्हणून आम्हाला विचाराल, तर मोठे प्रकल्प येवोत न येवोत, कोकणात राहण्याची वाट सातबाऱ्यातून जाते. वाटपाचे खटले तालुक्याला वेगाने निघावेत. कूळ लागणार नाही अशा हमीने पाच-दहा वर्षांसाठी जमीन देण्याचा एक साधा कागद तहसीलदारापुढे होऊ शकावा. डोंगरवाडीतल्या शाळेचा पट मोजताना मधल्या पऱ्ह्याही मोजाव्यात. कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी काय केलं होतं? स्वच्छ संडास, खत, मेलेल्या जनावराच्या कातड्याचं काम. कोणाला भव्य वाटेल असं त्यात काही नव्हतं. पण गावात राहणाऱ्या माणसाच्या रोजच्या जगण्यातली लाज आणि घाण कमी झाली पाहिजे, हे त्यांना कळलं होतं. राहणं सोपं होतं ते अशाने.

आता आमच्यावर येऊ, कारण श्रोत्यांमधून कोणीतरी विचारणारच. आमचंही घर तिकडे आहे. जांभ्या दगडाचं, पुढे पडवी, समोर तीन खाचरं. कुलूप असतं. किल्ली शेजारच्या वहिनींकडे. त्या आठवड्यातून एकदा दार उघडून वारा लावतात, त्याचे पैसे घेत नाहीत. मागच्या मे महिन्यात त्यांनी विचारलं, की भावजी, त्यांचा मुलगा चिपळूणची नोकरी सोडून गावात आलाय, समोरची तीन खाचरं त्याला कसायला देता का? सातबाऱ्यावर आमच्याखेरीज सतरा नावं आहेत. आम्ही म्हणालो, सगळ्यांना विचारून सांगतो.

आज सकाळी हे टिपण पुन्हा चाळताना लक्षात आलं, की सतरांपैकी आम्ही दोघांनाच फोन केला आहे. यंदाचा तरवा पेरायची वेळ तर निघूनही गेली.

बरं, आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतून कोणीतरी मघाशी हात वर केला होता.